अजिंक्यतारा : एका सहलीचा पाठ



दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या, की सातारा शहराच्या दक्षिणेस उभ्या असलेल्या अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर मुलांच्या रांगा दिसू लागतात. कुणाच्या पिशवीत भाकरी-चटणी, कुणाच्या खिशात फुटाणे, पुढे एक गुरुजी आणि मागे एक बाई. दरवाज्यापाशी पोहोचताच 'शिवाजी महाराज की जय' अशी गर्जना होते, छायाचित्र काढले जाते, मंगळाईच्या देवळापर्यंत एक फेरी होते आणि जेवण उरकून सारे खाली उतरतात. ही सहल आनंदाची असते, यात शंका नाही. तथापि गडाने आठशे वर्षांत जे पाहिले त्यापैकी मुलांच्या पदरात काय पडले, हे दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तर बहुधा भाकरीच्या गप्पा अधिक आणि गडाच्या कमी ऐकू येतात.

क्वचित मात्र एखादे चौकस मूल निघते. ते वर जाताना नावाची पाटी वाचते आणि विचारते, "गुरुजी, अजिंक्य म्हणजे कुणालाच जिंकता येत नाही तो ना? मग हा किल्ला तर पुष्कळांनी जिंकला." या प्रश्नापुढे दोन मार्ग असतात. एक, मुलाला गप्प बसवणे. तो सोपा आहे आणि बहुधा तोच घेतला जातो. दुसरा, त्याच्या बरोबर पायरीवर बसून उत्तर शोधणे. हे विवेचन त्या दुसऱ्या मार्गाचे आहे.

उत्तराचा आरंभ इतिहासात नाही, दगडात आहे. सातारा-सांगलीकडील सारे डोंगर काळ्या कातळाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर पावसाने झिजून उतार झाले. कठीण थर तुटून उभे कडे राहिले, आणि वरती सपाट माथा उरला. म्हणजे तट बांधणाऱ्याचे निम्मे काम निसर्गाने आधीच करून ठेवले होते. समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर आणि शहरापासून तीनशे मीटरांच्या आसपास उंच असलेल्या या माथ्यावर पाण्याची तळी आहेत, तीही याच कातळामुळे. खोदलेल्या खडकात पाणी मुरून जात नाही. युरोपात याच सुमारास वोबाँ नावाचा फ्रेंच स्थापत्यकार सपाट मैदानावर ताऱ्याच्या आकाराचे बुटके, जाड तट उभारीत होता, कारण तेथे तोफांपासून वाचवायला डोंगर नव्हते. येथे डोंगर हाच तट. पाचवीच्या मुलाला भूगोलातला 'खडक' हा पाठ आणि इतिहासातला 'किल्ला' हा पाठ एकाच जागी उभे राहून शिकता येतो, अशी स्थळे फार नसतात.

गडाची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस झाली, असे मानले जाते. पुढे बहामनी आणि त्यानंतर विजापूरची आदिलशाही. विजापूरकरांनी गडाचा उपयोग मुख्यतः बंदिशाळा म्हणून केला. १५८० साली अली आदिलशहाचा खून झाल्यावर कारभार पाहणाऱ्या चांदबिबीस किश्वरखान नावाच्या सरदाराने पकडून याच गडावर कैदेत ठेवले. ती लवकरच सुटली. हीच चांदबिबी पुढे १५९५-९६ मध्ये अहमदनगरच्या तटावर उभी राहिली आणि मोगलांनी सुरुंग लावून पाडलेले खिंडार तिने रातोरात बांधून काढले. सुरुंग हा शब्द येथे मुलांच्या ध्यानी राहील असा उच्चारावा. तो थोड्या वेळाने पुन्हा लागणार आहे.

२७ जुलै १६७३ रोजी शिवाजी महाराजांनी गड घेतला. त्याच वर्षी पन्हाळा आणि परळी, म्हणजे आजचा सज्जनगड, हेही स्वराज्यात आले होते. सज्जनगड अजिंक्यताऱ्यावरून नैर्ऋत्येस दिसतो. मुलांना बोट दाखवून तो ओळखायला लावावा, कारण पुढच्या कथेत त्याचे काम आहे. १६९८ साली जिंजीहून परतलेल्या राजाराम महाराजांनी साताऱ्यास राजधानी केली, आणि एवढ्यामुळेच औरंगजेबाची दृष्टी या डोंगराकडे वळली.

आता वेढ्याची कथा. ती सावकाश सांगण्याजोगी आहे, आणि सांगण्याची जागाही एकच : गडाच्या ईशान्य कोपऱ्यातील मंगळाईचा बुरूज.

डिसेंबर १६९९ मध्ये बादशहा स्वतः साताऱ्याखाली आला. त्याचे वय त्या वेळी एक्याऐंशी होते. उत्तरेस करंज्याजवळ त्याची छावणी पडली. पश्चिमेस शाहजादा आझम, दक्षिणेस शर्जाखान, पूर्वेस तोफखान्याचा प्रमुख तर्बियतखान. पश्चिमेकडच्या शहापूर गावास ते नाव शाहजाद्याच्या तळावरून पडले, अशी नोंद ग्रँट डफच्या इतिहासात आहे. हा डफ १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता आणि त्याचा ग्रंथ १८२६ साली छापला गेला. म्हणजे ज्या बुरुजाचे वर्णन तो करतो, तो त्याच्या रोजच्या नजरेतला होता. त्याच्या निष्कर्षांवर मराठी अभ्यासकांनी पुढे कठोर टीका केली आणि ती योग्यही होती. परंतु जागेचे त्याचे वर्णन मोलाचे आहे. त्याने ईशान्य बुरुजाची उंची सदुसष्ट फूट दिली आहे : खालचा बेचाळीस फूट सजीव खडक आणि वरचे पंचवीस फूट बांधकाम. मुलांनी खडक कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होते ती रेघ आज शोधावी. इतिहासाचा याहून बरा प्रयोग प्राथमिक शाळेस क्वचितच मिळतो.

गडावर किल्लेदार होता प्रयागजी प्रभू. खालून वर येऊ पाहणाऱ्यांवर त्याचे लोक प्रचंड धोंडे लोटून देत. तोफांचे काही चालेना, तेव्हा तर्बियतखानाने खडकातच पोखरण सुरू केली. सुमारे साडेचार महिने हे काम चालले आणि दोन सुरुंग सिद्ध झाले. १३ एप्रिल १७०० हा दिवस ठरला. एल्गार करणारी फौज उताराच्या आडोशास बसविली गेली. गडकऱ्यांनी त्याच बाजूस गोळा व्हावे म्हणून बादशहा स्वतः मोठ्या लवाजम्यानिशी त्या दिशेने निघाला. आणि झालेही तसेच, मिरवणूक पाहण्यास लोक बुरुजाकडे धावले. पहिला सुरुंग उडाला. तटाचा मोठा भाग आत कोसळला आणि किती तरी गडकरी त्याखाली चिरडले गेले. प्रयागजी स्वतः देवीच्या देवळाजवळ ढिगाऱ्यात गाडला गेला. पुढे त्यास जिवंत उकरून काढण्यात आले.

तट पडला हे पाहून खालची फौज उतावळीने पुढे सरकली. नेमक्या त्याच वेळी दुसरा, अधिक मोठा सुरुंग पेटविला गेला. बुरुजाचा प्रचंड भाग या वेळी आत न पडता बाहेर उडाला, तो थेट चढून येणाऱ्या मोगल सैनिकांवर. दोन हजारांहून अधिक माणसे जागच्या जागी मेली, असे डफ लिहितो.

येथे शिक्षकाने क्षणभर थांबावे. टाळ्या वाजविण्याचा मोह मुलांना होतो. त्यांचा दोष नाही, लढाईची गोष्ट अशीच सांगितली जाते. परंतु त्या दोन हजारांत बहुतेक जण कुणाच्या तरी शेतावरून आलेले, पोटासाठी शिपाईगिरी पत्करलेले लोक होते. त्यांना शाहजाद्याचे नाव ठाऊक असेल, सुरुंगाचा बेत ठाऊक नव्हता. तटाखाली चिरडलेल्या गडकऱ्यांचीही तीच गोष्ट. प्रयागजीचे नाव राहिले, आझमचे राहिले. त्या दिवशी मेलेल्या शिपायांपैकी एकाचेही नाव शाळेच्या पुस्तकात नाही. एवढे सांगितल्याने शौर्याचे मोल कमी होत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलास ते कळते. मोठ्यांना वाटते त्यापेक्षा अधिक कळते.

सुरुंगाने गड पडला नाही. मग कशाने पडला? दोन गोष्टींनी. गडावरील धान्याचा व वैरणीचा साठा वेळीच भरला गेला नव्हता. वेढा पडल्यावर परशुराम त्रिंबक यांनी परळीच्या किल्ल्यावरून साताऱ्यास रसद पोहोचविण्याची व्यवस्था केली. मघाशी बोट दाखविलेला सज्जनगड तो हाच. ही रसद शाहजादा आझमच्या चौक्यांमधून येत असे, कारण त्याची डोळेझाक पैसे देऊन विकत घेतली होती. बादशहाचा पुत्र बादशहाच्याच वेढ्यातून शत्रूचे धान्य सोडीत होता, हे ऐकून मुले हसतात. आणि हसू द्यावे. परंतु ही वाटही शेवटी बंद झाली. त्यातच मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाल्याची वार्ता येऊन थडकली. धनी गेला, धान्य सरले, तट फुटला. प्रयागजीने आझममार्फत बोलणी केली आणि २१ एप्रिल १७०० रोजी गड मोगलांच्या हाती दिला. शाहजाद्याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले आझमतारा. लगोलग परळीस वेढा पडला आणि जूनमध्ये तोही गड गेला.

प्रयागजी हरला काय? काही शिक्षक हा भाग वगळतात. सुरुंगाच्या कथेपाशी थांबतात आणि मुलांना विजयाच्या समजुतीत घरी पाठवितात. ही मुलांशी केलेली प्रतारणा होय. साडेचार महिने हिंदुस्थानच्या बादशहास एका डोंगराखाली अडकवून ठेवणे आणि अन्न संपल्यावर उरलेली माणसे जिवंत खाली उतरविणे, यास पराभव म्हणावे की आणखी काही, हे मुलांनीच आपसात बोलून ठरवू द्यावे. वर्गात दोन पक्ष पडतील. पडू द्यावेत. निकाल देण्याची घाई गुरुजींनी करू नये.

१७०६ च्या सुमारास ताराबाईंच्या कारकिर्दीत मराठ्यांनी गड परत घेतला. अजिंक्यतारा हे नाव त्यानंतरचे, असे सांगतात. आझमताऱ्याच्या ठेक्यातच ते बसविलेले आहे हे कानास चटकन जाणवते. याचा अर्थ असा, की हे नाव गडाच्या इतिहासाचे वर्णन नव्हे. एकदा गमावलेली वस्तू परत मिळविणाऱ्याने उच्चारलेला तो निर्धार आहे. चौकस मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. नाव 'सातारा' कसे पडले, याबद्दलही लोक सांगतात की सतरा तट किंवा सतरा बुरूज, म्हणून सातारा. मुलांना बुरूज मोजायला लावावेत. सतरा भरतात की नाही, हे त्यांनीच येऊन सांगावे. आणि न भरले, तर गावोगावी अशी स्पष्टीकरणे नाव पडल्यानंतर कशी रचली जातात, हे आपल्याच गावाच्या नावावरून समजावून द्यावे.

निर्धार उच्चारून दोन वर्षेही झाली नाहीत, तोच गड पुन्हा हातचा गेला. या वेळी मराठ्यांकडून मराठ्यांकडे. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंच्या सैन्याचा मोड करून शाहू महाराज साताऱ्याखाली आले. परशुराम त्रिंबक गड देईनात. गडावर शेख मिरा नावाचा अधिकारी होता. त्याची बायकामुले वाईस होती, ती शाहूंच्या माणसांनी पकडली आणि गड न दिल्यास तोफेच्या तोंडी देण्याची धमकी घातली. शेख मिराने परशुरामपंतांस कैद करून दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. ज्या दरवाज्यात मुले छायाचित्र काढतात, त्यातून एका बापाने आपल्या मुलांसाठी गड दिला आहे. स्वामिनिष्ठा मोठी की लेकरांचा जीव, हा प्रश्न सातवीच्या मुलांपुढे अवश्य ठेवावा. चौथीच्या मुलांपुढे तो नसावा.

शाहू महाराजांनी गडाखाली शहर वाढविले आणि राजधानी डोंगरावरून खाली उतरली. गडाकडे पुन्हा जुनेच काम आले, ते कैदखान्याचे. २४ नोव्हेंबर १७५० रोजी ताराबाईंनी रामराजास याच गडावर अटकेत ठेवले. पेशव्यांना दूर सारण्यास तो तयार होईना, हे कारण. चांदबिबी कैदी होती, रामराजाही कैदी, आणि मध्ये पावणेदोनशे वर्षे. फेब्रुवारी १८१८ मध्ये जनरल स्मिथच्या फौजेपुढे गडाने फारसा प्रतिकार न करता दरवाजे उघडले. इंग्रजांनी आपले निशाण चढवून उतरविले आणि छत्रपतींचे निशाण लावले. प्रतापसिंह महाराजांस गादी मिळाली, १८३९ साली तीच काढून घेण्यात आली आणि १८४८ साली राज्य खालसा झाले. हा भाग मुलांपुढे फार लांबवू नये. तहांची कलमे डोंगरावर कुणी ऐकत नाही.

त्याऐवजी मुलांना उत्तरेच्या तटाशी न्यावे आणि खाली पाहू द्यावे. गडाच्या पायथ्याशी चार भिंती हे हुतात्म्यांचे स्मारक. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. कुणास फाशी, कुणास तोफेच्या तोंडी, कुणास गोळी. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घालणारे रंगो बापूजी हे या उठावाचे सूत्रधार. त्यांचा पुत्र त्या सतरांत होता. शहराच्या मध्यभागी राजवाडा. राजवाड्यातील शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव चढले. आज तो दिवस राज्यातील शाळांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. राजे आणि कैदी यांचे जे घर होते, त्याच्या सावलीत जातीमुळे वर्गात वेगळे बसविलेले एक मूल अक्षरे गिरवीत होते, आणि पुढे देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. गडावरून ही जागा दिसते. दाखविली मात्र जात नाही.

आता सहलीच्या रीतीविषयी थोडे. प्रत्येक मुलाच्या वहीचे एक पान तीन भागांत आखून घ्यावे : 'डोळ्यांना दिसते', 'कागद सांगतो', 'लोक सांगतात'. तळ्यातले पाणी पहिल्या भागात, १७०० सालचा वेढा दुसऱ्या भागात, सतरा बुरूज तिसऱ्या भागात. प्रारंभी मुलांचा गोंधळ होईल. दुसरा आणि तिसरा भाग वेगळा करणे मोठ्यांनाही जड जाते. वाईस सापडलेल्या कागदांवरून राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला, तो याच जिल्ह्यातला. घराघरांत माळ्यावर पडलेल्या दप्तरांना त्यानंतर किंमत आली. गावातील एखाद्या वाड्यात अजून मोडीतील रुमाल असेल, तर त्यास हात न लावता त्याची वार्ता मुलांनी आणावी.

एक सुतळी बरोबर असावी. तिला हात-हात अंतरावर गाठी मारून तटाची रुंदी, दरवाज्याची उंची, पायऱ्यांची खोली मोजता येते. गणिताचा तास तेथेच होऊन जातो. तटावर वा चिऱ्यावर नाव कोरताना मूल सापडले, तर त्यास ओरडण्यापूर्वी तो चिरा कुणी घडविला असेल, त्याचे नाव तेथे आहे काय, एवढेच विचारावे. कोरलेली नावे बहुतेक मोठ्या माणसांची आहेत, हेही मुलांच्या दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही.

सांगलीकडील शिक्षकांनी या सर्वांसाठी साताऱ्यापर्यंत आलेच पाहिजे असे नाही. १९४९ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते आणि गड दोहोंत आहेत. वाळव्याच्या मुलांना मच्छिंद्रगड जवळ. शिराळ्याकडच्यांना प्रचितगड, परंतु तो दाट रानातला, लहान मुलांसाठी नव्हे. डोंगरच नसेल, तर भुईकोट घ्यावा. सांगलीच्या गणेशदुर्गात तुरुंग होता. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी तेथूनच तट ओलांडून बाहेर पडले. या प्रसंगाविषयी आजोबांकडून ऐकलेले सांगणारी माणसे त्या शहरात अजून भेटतात. वहीचा तिसरा भाग अशा वेळी रिकामा राहत नाही.

सावधगिरीच्या बाबी सर्वांस ठाऊक आहेत, तरी विसरतात त्याच. पावसाळ्यात तटाच्या कडेला शेवाळ असते, तेव्हा सहल नको. तळ्यांना कठडा आहे असे गृहीत धरू नये. आग्या मोहोळ दिसल्यास आवाज आणि धूर दोन्ही वर्ज्य. पालकांची लेखी संमती, दर दहा-बारा मुलांमागे एक मोठे माणूस, पाणी प्रत्येकाचे प्रत्येकाजवळ. वर चढण्यापूर्वी पायथ्याशी पट घ्यावा, जेवणानंतर घ्यावा आणि उतरताना मुख्य दरवाज्यात पुन्हा घ्यावा. त्याच दरवाज्यात, जेथे येताना जयघोष झाला होता. प्रत्येक मुलाने आपले नाव स्वतः मोठ्याने सांगावे, आणि शेवटचे नाव ऐकू आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे.